कोऱ्या लेबलची रेकॉर्ड

आण्णा, तुमच्या नातीनं रेकॉर्ड काढली आहे. रेकॉर्ड म्हणजे खरोखरची, काळी, बारा इंची, वर सुई ठेवून वाजवायची. आता असलं कोण ऐकतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणाले होते, फक्त तिच्या तोंडावर आणि जरा चढ्या आवाजात. पण इकडे कॅनडात पोरांना त्याचं पुन्हा वेड लागलंय. चार वर्षं झाली, तिचा तिघांचा बँड आहे. ते वाजवतात त्याला इंडी रॉक म्हणतात. रॉक म्हटल्यावर मला वाटलं धांगडधिंगा असेल, शेजारी पोलीस बोलावतील. तर तसलं काही नाही. एक गिटार हळूहळू, दुसरी त्याहून हळू, ड्रम वाजवणारा मध्येच विसरून गेल्यासारखा थांबतो, आणि सगळं उदास, संथ. तिनं स्वतःच आधी बजावलं होतं, "आई, इट्स स्लो, ओके? सॅड-स्लो. फास्ट पार्टची वाट बघू नकोस." या रेकॉर्डपायी माझ्या हातून एक चूक झाली आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी कामातली चूक सांगायची म्हटलं की मला अजून तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही.

आधी माझं सांगते. मी विंडसरलाच आहे, त्याच प्लांटमध्ये, आणि आता क्वालिटीत माझ्यावर फक्त एक माणूस आहे आणि तोही मला विचारून सही करतो. गिअरबॉक्सची केसिंग्ज येतात, ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम आपल्या बिडासारखं, म्हणजे ओतीव लोखंडासारखं, वाजत नाही, त्यामुळे हातोडी घेऊन टकटक करायची सोय नाही. एक्स-रे आहे, लीक टेस्ट आहे, स्क्रीनवर लाल-हिरवं दिसतं. तरीही मशीन हिरवं दाखवत असताना मी "थांबा, हा पीस बाजूला काढा" म्हटलं, तर लाइनवरची माणसं काढतात. आधी हसायची. दोनदा पीस कापून बघितल्यावर हसायची बंद झाली. हे मी बढाई मारायला लिहीत नाही. म्हणजे थोडी मारतेय, पण तुमच्यापुढे नाही मारणार तर कुणापुढे?

हे सगळं कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकले, तुमच्या फौंड्रीत, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत. दीडशे माणसांत मी एकटी मुलगी, आणि तुम्ही इन्स्पेक्शनचे मुख्य, त्यामुळे कुणाची बोलायची छाती नव्हती. ब्रेक ड्रमचा ढीग असायचा, तुम्ही एकेक उचलून टांगायचा आणि लहान हातोडीनं एक टोला. खणखणीत वाजला की खडूची फुली, बद्द वाजला की बाजूला. त्या दिवशी शेवटचे दहा-बारा ड्रम राहिले होते, जेवणाचा भोंगा झाला होता, आधीचे सगळे चांगले निघाले होते, आणि मी न वाजवताच खडू ओढत गेले. तुम्ही मागे उभे होता हे मला माहीत नव्हतं. "हातानं ओके करतीस होय? कानानं कर!" सगळी फौंड्री वळून बघायला लागली. मग तुम्ही ओल्या फडक्यानं साऱ्या ढिगावरच्या फुल्या पुसल्यात, माझ्यासमोर, सावकाश, आणि मला पहिल्यापासून सगळे ड्रम वाजवायला लावलेत. डबा तसाच राहिला. मी रडले नाही, पण घरी येऊन आईला सांगितलं की हा माणूस बाप नाही, भोंगा आहे. आई हसली. तुम्ही स्वयंपाकघरात होता, रविवारच्या रश्श्याचा मसाला वाटायला बसला होता, कारण आईच्या मते तुमचा हात जड होता. तुम्ही ऐकलंत. वरवंटा चालू होता आणि त्याबरोबर तुमचं ते गुणगुणणं. शब्द नाहीत, राग नाही, नुसता घसा. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज खाली सोडून द्यायची तुमची सवय, हातातली पिशवी दमून जमिनीवर ठेवावी तशी.

चारचौघांत तुम्ही कधी गायला नाहीत. त्यामुळे तुमचा आवाज कुठेच शिल्लक नाही. फोटो आहेत, चष्मा आहे, माझ्या लग्नातली कॅसेट होती, तिच्यात तुम्ही फक्त मंडपवाल्याला रागावता आणि तेवढ्यात बँडवाले सुरू होतात. मी इकडे आले त्याच वर्षी तुम्ही गेलात, आणि मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे मी कुणाशी बोलत नाही.

आता पोरीचं. तिनं इंजिनीअरिंग केलं, मनासारखी नोकरी लागली, आणि दोन वर्षांत ती सोडून टोरांटोला कॅफेत काम करायला लागली, का तर बँडसाठी वेळ मिळावा म्हणून. माझं डोकंच फिरलं. फोनवर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ती मराठीत ऐकत होती आणि इंग्रजीत उत्तरं देत होती, आमचं नेहमीचं. शेवटी म्हणाली, "हॅव यू इव्हन लिसन्ड?" मी म्हटलं, ऐकायचं काय त्यात, मला माहीत आहे कसलं असतं ते. त्यानंतर चार वर्षांत ती गाण्यांच्या लिंक पाठवत राहिली आणि मी खाली लाइकचा अंगठा टाकत राहिले. एकही उघडली नाही, आण्णा. अंगठ्यामागून अंगठा.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. रेकॉर्ड छापायला दिली होती. सगळा माल छापायच्या आधी कारखाना चार-पाच नमुने पाठवतो, टेस्ट प्रेसिंग म्हणतात. बँडनं ते ऐकायचे, दोष असला तर कळवायचा, नसला तर मंजुरी द्यायची, मगच पुढचं छापतात. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. उशीर झाला तर प्रकाशनाच्या कार्यक्रमाला रेकॉर्ड हातात नसणार. "आई, तुझं कामच आहे ना चुका काढायचं? एक कॉपी तुला पोस्टानं पाठवलीय. माझा जुना टर्नटेबल बेसमेंटमध्ये आहे. जस्ट लिसन फॉर डिफेक्ट्स." म्हटलं, आत्ता कशी आठवण झाली! खोटं कशाला बोलू, मनातून सुखावले. हे भारतात आहेत, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. घरी मी एकटीच. रविवारी दुपारी टर्नटेबल वर आणला, पुसला, वही-पेन घेऊन बसले. रेकॉर्डच्या मधलं लेबल पांढरं, एकदम कोरं. ना नाव, ना आकडा, फक्त एका बाजूला पेननं ए आणि दुसऱ्या बाजूला बी. नमुना असतो तो, त्याच्यावर काही छापत नाहीत. बारा इंची रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या वेगानं फिरते हे मला लहानपणापासून माहीत, म्हणून बटण तेहतीसवर केलं आणि सुई ठेवली.

पहिल्यांदा नुसती खरखर, मग गिटारचा एकेक सूर, इतका सावकाश की दोन सुरांमध्ये चहा गाळून घ्यावा. मी वहीत लिहितेय, पृष्ठभाग स्वच्छ, आवाज स्थिर. आणि मग एक पुरुष गायला लागला.

आण्णा, तुम्ही गायला लागलात. मी पेन ठेवलं आणि उठून उभी राहिले. तोच घसा, तोच जडपणा, आणि ओळ संपताना तसंच खाली सोडून देणं. शब्द इंग्रजी असावेत, ओढून ओढून म्हटलेले, मला कळत नव्हते, आणि कळायची गरजही वाटत नव्हती. मी मोठ्यानं म्हटलं, "अगं बाई!" घरात ऐकायला कुणी नाही. तिच्या बँडमध्ये दोन मुलगे आहेत हे मला माहीत होतं, एक ड्रमवाला, एक गिटारवाला, दोघेही गोरे. म्हटलं नाद खुळा! कोल्हापूरच्या फौंड्रीतला गळा या गोऱ्या पोराला कुठून मिळाला? दोन्ही बाजू ऐकल्या. पुन्हा ऐकल्या. भांडी सिंकमध्ये तशीच, बाहेर ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करायचं राहिलेलं, आणि मी टर्नटेबलपाशी खाली बसून, गुडघे दुखत असताना, तुम्हाला ऐकतेय.

मग भानावर येऊन रिपोर्ट लिहिला, नेहमीसारखा, टाइप करून. बाजू ए, सतरा मिनिटं, दोष नाही. बाजू बी, साडेसतरा मिनिटं, मधे एकदा टिक, पुसल्यावर गेली, धूळ होती. मंजुरीस हरकत नाही. आणि खाली, कामात कधी लिहीत नाही तसं, एक ओळ जास्तीची: गाणाऱ्या मुलाचा आवाज फार चांगला आहे, त्याला सांग.

तासाभरात तिचा फोन. आधी हसत होती. "आई, ओह माय गॉड, यू मेड अ टेबल!" मीही खुशीत. म्हटलं, "मग? काम म्हणजे काम. पण तो मुलगा कुठला गं? आणि तू कुठल्या गाण्यात आहेस? मला सापडलं नाही." तिचं हसणं थांबलं. मग ती म्हणाली, "मुलगा नाहीये, आई. सगळी मीच गाते." मी म्हटलं, काहीतरीच काय, पुरुषाचा आवाज आहे, मी दोनदा ऐकलं. मग तिनं विचारलं, "साइड ए सतरा मिनिटं लिहिलंयस. साडेबारा आहे ती." आणि हळूच, "यू प्लेड इट ॲट थर्टी-थ्री. हे पंचेचाळीसचं आहे. स्लो फिरवलं की आवाज जाड होतो."

पुढचं लिहायला लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं. मी तिच्यावरच उखडले. चोराच्या उलट्या बोंबा! लेबलवर वेग का लिहिला नाही? बारा इंचीला पंचेचाळीस असतं का कुठे? स्पेसिफिकेशन न देता नमुना तपासायला देतात का? आमच्याकडे असा पीस आला असता तर मी गेटवरूनच परत पाठवला असता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते बरोबर आहे. लिहायला हवं होतं. पण आई, तू एक गाणं ऐकलं असतंस ना, फोर इयर्समध्ये एक, तर तुला पहिल्या मिनिटात कळलं असतं की हा वेग चुकीचा आहे. माझा आवाज नाहीये हे तुला कळलंच नाही. यू डोन्ट नो व्हॉट आय साउंड लाइक." ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, शिफ्ट आहे, जाते, आणि फोन ठेवला.

मी तशीच बसले. पीस हातात न घेता लांबून सांगणारी मी, मशीनवर विश्वास न ठेवणारी मी, आणि पोटच्या पोरीचा आवाज मला ओळखता आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चार वर्षं न वाजवता खडू ओढत गेले, आणि या वेळी मागे उभं राहून पुसायला तुम्ही नव्हता. तुमच्यावरही राग आला, खरं सांगते. डिप्लोमा झाल्यावर मी म्हटलं होतं की तुमच्याच फौंड्रीत इन्स्पेक्शनला लागते, आणि तुम्ही माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणालात, "पोरगीचं काम न्हवं ते." झालं. मला शिकवलेला नियम तुम्ही माझ्यावरच मोडलात, आणि मी तो उचलून माझ्या पोरीवर मोडला. आता तुमच्याशी भांडून उपयोग नाही, पण नोंद असू दे.

मग बटण पंचेचाळीसवर केलं. आता गाणारी एक बाई होती. बाई कसली, पोरगी, स्वच्छ, जरा खरखरीत गळ्याची, कुणाला ऐकवायची घाई नसलेली. वेग बरोबर असला तरी गाणी संथच आहेत, उदासही आहेत, पण आता शब्द कळत होते. एका गाण्यात नदीपलीकडचे डेट्रॉइटचे दिवे आहेत. एकात बेसमेंट, वरती चालणाऱ्या पावलांचा आवाज, आणि कोण खाली येणार नाही हे ठाऊक असलेली मुलगी. शेवटच्या गाण्यात दारापाशी काढून ठेवलेले सेफ्टी शूज आहेत, आणि ते बूट घालणारी बाई रोज घरात पाऊल टाकताच एकच विचारते. तो प्रश्न तिनं मराठीतच ठेवलाय. "झालं का?" अभ्यास झाला का, आंघोळ झाली का, नोकरीला अप्लाय करून झालं का. तेहतीसवर ते मला नुसतं गुणगुणणं वाटलं होतं. ती ते आठ-दहा वेळा म्हणते, तिच्या त्या इंग्रजी वळणाच्या मराठीत, आणि त्यात राग नाही. मी राग शोधत होते. असता तर बरं झालं असतं. आणि प्रत्येक वेळी शेवटचा "का" ती खाली सोडून देते, अगदी तुमच्यासारखा. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. हे कुठून येतं, आण्णा?

शनिवारी सकाळी विंडसरहून निघाले. चार तासांचा रस्ता, बर्फ पडत होतं, पण विंटर टायर्स नवे आहेत आणि मला गाडी चालवायची भीती नाही. ती दारात आली तेव्हा अंगावर कॅफेचा एप्रन होता. मी आत जायच्या आधीच बोलले, कारण बसल्यावर मी पुन्हा स्पष्टीकरणं द्यायला लागले असते. म्हटलं, "चुकलं माझं. लेबलचं नाही, चार वर्षांचं. तू मला ऐकवत होतीस आणि मी न ऐकताच ओके करत होते." ती म्हणाली, "इट्स फाइन, आई." मी म्हटलं, फाइन नाही, आणि तू फाइन म्हणू नकोस. मग ती रडली, आणि मीही रडले, त्या अरुंद जिन्यात, वरच्या मजल्यावरचा माणूस "सॉरी, सॉरी" म्हणत आमच्यामधून ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन गेला.

चहा करताना तिनं सांगितलं की नमुने तपासायला चार माणसं होती, सगळ्यांनी आधीच मंजुरी दिली होती. "तुला चेक करायची गरजच नव्हती. आय जस्ट वॉन्टेड यू टू हॅव टू लिसन." तपासायला दिलं की आई ऐकतेच, हे तिनं हेरलं होतं. हुशार आहे, कुणावर गेली हे सांगायला नको. मी तिला एकेका गाण्याबद्दल सांगितलं, काय आवडलं, कुठे ड्रम मागे राहतो, कुठे तिचा श्वास ऐकू येतो आणि तो तसाच असू दे. ती पाय पोटाशी घेऊन ऐकत होती. नोकरीचा विषय मी काढला नाही. ती सोडली हे मला अजून पटलेलं नाही, आणि पटलं असं मी म्हणणारही नाही, पण आता ऐकून पटलेलं नाही, एवढा फरक. तिला तो समजतो.

निघताना ती विचारते, "आई, तो 'मुलगा'. त्याच्याबद्दल तू लिहिलंस, आवाज फार चांगला आहे. तू असं कधीच लिहीत नाहीस. काय होतं त्यात?" ती हसत विचारतेय, पण उत्तराची वाट बघतेय हे मला दिसतं. मी म्हणते, काही नाही गं, वेगच चुकीचा होता. बूट घालते, लेस बांधायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावते. कारण खरं सांगितलं असतं, तर तिला पुन्हा तेच वाटलं असतं, की मी तिची रेकॉर्ड ऐकत बसले होते आणि तिला सोडून दुसऱ्याच कुणालातरी ऐकत होते. तेव्हा ते खरंच होतं.

म्हणून हे तुम्हाला सांगतेय, तिला नाही, आणि हा कागद ती घरी यायच्या आत फाडून टाकणार आहे. रेकॉर्ड आता दर रविवारी पंचेचाळीसवर लावते, तिला ऐकते, तिचा प्रत्येक श्वास मला पाठ झालाय. फक्त मागच्या मंगळवारी, कामावरून आल्यावर, कोट न काढता, एकदाच बटण तेहतीसवर केलं होतं. पहिल्या गाण्यापुरतंच.